फोटो घरच्यांना, गप्पा मित्रांना

पारोळा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देतो.

"अण्णा, माझे मिस्टर लष्करात हेलिकॉप्टर पायलट होते. निवृत्तीनंतर खासगी कंपनीत लागले. यात्रेच्या सीझनला केदारनाथच्या शटलवर असतात आणि निवडणुका लागल्या की पुढाऱ्यांच्या दौऱ्यांवर. घरच्या ग्रुपवर ते रोज फोटो टाकतात. बर्फाचे डोंगर, मंदिर, हेल्मेट काखेत धरून हसणारा चेहरा, आणि खाली एकच वाक्य, 'सगळं मस्त.' सासरे तेच फोटो लगेच गावाच्या ग्रुपवर टाकतात. सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, 'मना आंडोर आभायमा उडस' (माझा मुलगा आभाळात उडतो). अभिमान मलाही आहे. पण श्रावणात ते घरी होते, फोन चार्जिंगला लावलेला होता आणि त्यावर मित्रांच्या ग्रुपचे मेसेज दिसले. मी वाचत गेले. यांनी लिहिलं होतं, 'आज अर्ध्यातून वळलो. पुढे काही दिसेना. मागचे पॅसेंजर ओरडत होते.' त्यावर एकाने लिहिलं होतं, 'वळलास म्हणून जेवतोयस.' खाली सगळे हसले होते. मी तारीख पाहिली. त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर मंदिराचा फोटो होता, 'सगळं मस्त.' तेव्हापासून मला धड झोप नाही. त्यांना हे काम सोडा म्हणू का? निदान असल्या गप्पा तरी बंद करा म्हणू का? मुलगा बारावी सायन्सला आहे. बापाचे फोटो बघून तोही हेलिकॉप्टरच म्हणतो, आणि सासरे म्हणतात, फी भरायला दोन एकर काढू. छावणीत राहत होतो तेव्हा शेजारपाजारच्या बायका होत्या, सगळ्यांचे नवरे उडणारे. इथे मी कुणाशी बोलू?"

ताई, मी हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी केली. मी पायलट नव्हतो. हे यंत्र आज उडायला लायक आहे, अशी सही करणाऱ्यांपैकी होतो. त्यामुळे पायलटांच्या गप्पा मी हँगरमध्ये, चहाच्या टपरीवर, उड्डाणानंतर घामेजलेल्या ओव्हरऑलमध्ये उभ्या उभ्या ऐकलेल्या आहेत. त्या भरवशावर सांगतो, त्या गप्पा बंद करायला मुळीच सांगू नका. तुमच्या मिस्टरांच्या फोनमध्ये तुमच्या संसाराला सगळ्यात जास्त जपणारी गोष्ट कोणती असेल, तर ती तीच आहे.

आधी त्या मेसेजचा अर्थ लावू. केदारनाथचं मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. फाटा, सिरसी, गुप्तकाशी अशा खालच्या हेलिपॅडवरून निघायचं आणि मंदाकिनीच्या दरीतून वर जायचं. आठ-दहा मिनिटांचा फेरा, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि जायची वाट तीच यायची वाट. हे सगळं उडणं डोळ्यांच्या भरवशावर. समोर दिसत असेल तरच पुढे जायचं. दरी वर वर अरुंद होत जाते, म्हणून वळायचं असेल तर जागा शिल्लक असतानाच वळावं लागतं. ढग अंगावर आल्यावर वळू म्हणणाऱ्याला वळायला जागा मिळत नाही. आणि ढगात शिरलेल्या माणसाला आपण सरळ आहोत की कलतोय हे शरीर बरोबर सांगत नाही, कानातला तोल दगा देतो. दहा हजार तास उडालेल्या माणसालाही देतो.

म्हणजे "अर्ध्यातून वळलो" हे वाचून तुम्हाला वाटलं की ते मरणाच्या दारातून परत आले. मी ते वाचतो तेव्हा मला दिसतं की ते त्या दाराकडे गेलेच नाहीत. मागे बसलेली माणसं दर्शन चुकलं म्हणून ओरडत होती, तिकिटाचे पैसे मोजलेली होती, लांबून आलेली होती. त्यांच्या ओरडण्याला न जुमानता यांनी हेलिकॉप्टरचं नाक मागे फिरवलं. आणि "वळलास म्हणून जेवतोयस" म्हणणाऱ्या त्या मित्राने त्यांची पाठ थोपटली. त्या धंद्यात पाठ अशीच थोपटतात. खालचं हसणं तुम्हाला लागलं, ते मी समजू शकतो. पण त्या हसण्यात बेफिकिरी नव्हती. त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी असंच नाक फिरवलेलं असणार, आणि खाली उतरल्यावर कंपनीच्या माणसाची नाराजी झेललेली असणार. आज आपला एक जण बरोबर वागला, याचा तो सुटकेचा श्वास होता.

या गप्पांनी काय होतं, आणि त्या नसल्या तर काय होतं, याचा एक पुरावा देतो. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असलेलं एक प्रवासी विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. कारण होतं उतरण्याच्या परवानगीच्या शब्दांचा झालेला गैरसमज. किती खाली यायचं याबद्दल पायलटला एक वाटलं आणि कंट्रोलरला दुसरं. चौकशीत पुढे आलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाचा तिथेच, तसाच गैरसमज झाला होता आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं. कंपनीने आपल्या इतर पायलटांना सावधही केलं. पण ती गोष्ट त्या कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाही. पलीकडच्या कंपनीच्या पायलटांच्या कानावर ती पडली असती तर? याच प्रश्नातून १९७६ मध्ये तिकडे एक व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडून काय चुकलं, काय थोडक्यात निभावलं, हे पायलटांनी नाव उघड न होता लिहून पाठवायचं, ते नासाकडे जमा होणार आणि त्यातला धडा सगळ्यांना मिळणार. ती आजही चालू आहे. आपल्याकडेही कंपन्यांना अशी नोंद ठेवावी लागते आणि स्वतःहून कळवणाऱ्याला धाक वाटू नये अशी अपेक्षा असते. पण कागदावर लिहायला हात आखडतो. मित्राला सांगायला जीभ आखडत नाही. कापसात निंदताना साप दिसला की माणूस आधी शेजारच्या शेतातल्याला हाक मारून सांगतो, मग काठी शोधतो. पायलटांची ही बोलाचाली तशीच हाक आहे.

आमच्या कामालाही त्या गप्पांचा फार आधार होता. फॉर्मवर पायलट लिहायचा, "किंचित कंप." किंचित म्हणजे किती, कुठे, कशात? ते चहा पिताना कळायचं. "डाव्या पेडलात टिकटिक येते, वळताना जास्त, सरळ जाताना नाही." एवढं वाक्य मिळालं की कुठे हात घालायचा ते आम्हाला समजायचं. बोलका पायलट आम्हाला आवडायचा. जो उतरून गप्प निघून जायचा, त्याच्या यंत्राची आम्ही दुप्पट काळजी करायचो.

त्या ग्रुपवर फोटोही असतील, नीट पाहा. घरच्या ग्रुपवर असतात तसे ते सुंदर नसतील. सकाळी सहाला रामबाड्याच्या बाजूला दरीत अडकलेला ढग असेल. हेलिपॅडच्या कडेला नव्याने उभा राहिलेला खांब असेल. कुठल्या तरी गावच्या मैदानावरून गेलेली विजेची तार असेल, तिच्याभोवती बोटाने काढलेला लाल गोल असेल. अशा एका फोटोवर मागून येणारा पायलट जगतो. हेलिकॉप्टरला तारेइतका वाईट वैरी नाही, कारण वरून ती दिसतच नाही, खांब दिसले तर तिचा अंदाज बांधायचा. २०२५ च्या मे महिन्यात उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीजवळ रस्त्यावर उतरू पाहणारं एक हेलिकॉप्टर पडलं. रस्त्याला लागून गेलेल्या केबलला पंखा लागल्याचं प्राथमिक चौकशी अहवालात आलं. सहा माणसं गेली. केबल ती केवढीशी.

आता तुमच्या घरच्या ग्रुपवरच्या फोटोंकडे येतो. मला काळजी आहे ती या फोटोंची.

बहुतेक हेलिकॉप्टरांत पायलट उजव्या सीटवर बसतो. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे दोन गुडघ्यांमधली दांडी. ती जिकडे झुकवाल तिकडे यंत्र जातं. डाव्या हाताला कलेक्टिव्ह, त्याने वर-खाली व्हायचं. दोन्ही पाय पेडलवर, नाहीतर यंत्र स्वतःभोवतीच फिरू लागेल. जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरांत दोन पायलट असतात, ऑटोपायलट असतो. केदारनाथच्या शटलवर सहसा एक इंजिन आणि एकच पायलट. उजवा हात दांडीवरून काढायचाच नाही. डावा हात रेडिओचं बटण फिरवायला क्षणभर निघतो आणि लगेच जागेवर जातो. मोबाईल धरायला हात उरतच नाही. आणि समजा इंजिन बंद पडलं, तर तोच डावा हात तात्काळ कलेक्टिव्ह खाली दाबतो. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरत राहतो आणि यंत्र दगडासारखं न पडता उतरवता येतं. पण त्या दाबण्याला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नसतो. त्या वेळी हातात फोन असला तर?

म्हणून तुम्ही ते सुंदर फोटो पुन्हा एकदा बघा. पंख्याची पाती थांबलेली आहेत का? यंत्र जमिनीवर आहे का? बर्फाचा डोंगर खिडकीतून घेतलेला असेल तर तो मागच्या सीटवरून आहे की उजव्या पुढच्या? उतरल्यावर काढलेला, प्रवाशाने काढून पाठवलेला, असे फोटो खुशाल येऊ द्या. पण उडताना पायलटच्या सीटवरून काढलेला एकही सापडला तर सरळ विचारा, "हा कुणी काढला?" लष्करात वाढलेला माणूस आहे, बहुधा सापडणार नाही. विचारण्यात मात्र संकोच करू नका. तो हात तुमच्याही मालकीचा आहे.

सासऱ्यांनाही प्रेमाने सांगायला हवं. मुलाच्या पराक्रमाचं कौतुक बापाने नाही करायचं तर कुणी करायचं? फक्त तीन गोष्टी त्यांनी पाळाव्यात. मुलगा त्या दिवसाचं काम संपवून उतरला आहे हे कळल्याशिवाय फोटो पुढे पाठवायचा नाही. ज्या फोटोत प्रवासी आहेत, विशेषतः आजारी माणूस किंवा पुढारी आहे, तो कधीच पाठवायचा नाही. पुढारी कुठल्या वेळी कुठल्या मैदानावर उतरणार हे गावाच्या ग्रुपवर जाणं त्या पुढाऱ्याला धोक्याचं आणि तुमच्या मिस्टरांच्या नोकरीलाही. आणि विमानतळावरचे, त्यातही लष्करी तळावरचे फोटो तर नकोतच. विमान नियम, १९३७ मधल्या तेराव्या नियमाने विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढण्यावर बंधनं घातलेली आहेत, आणि लष्करी तळांबाबत तर हल्ली फारच कडक आहे.

इथेच जरा बाजूला जाऊन सगळ्याच वाचकांना सांगतो. आपल्याकडे सभेला हेलिकॉप्टर आलं की कॉलेजच्या मैदानावर चुन्याचा मोठा एच काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात आणि सगळा गाव मोबाईल वर करून धावतो. शेपटीचा छोटा पंखा वेगात फिरताना डोळ्यांना दिसत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये केदारनाथच्याच हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा त्या पंख्याने बळी घेतला. विमान वाहतुकीच्याच खात्यात रोजचं काम असलेला माणूस होता तो. तेव्हा पंखे पूर्ण थांबेपर्यंत पोरांना दोरीच्या आत जाऊ देऊ नका, आणि शेपटीकडे तर थांबल्यावरही कशाला जायचं?

आता तुमचा पहिला प्रश्न, काम सोडायला सांगू का. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. हे काम धोक्याचं आहे. २०१३ च्या महापुरात मदतीला गेलेलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडलं, त्यातले वीसच्या वीस जण गेले. त्या दिवसांत आमच्या लोकांत कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये, पुन्हा गौरीकुंडाच्याच परिसरात, पहाटेच्या ढगाळ हवेत यात्रेकरूंचं हेलिकॉप्टर पडलं. सात माणसं गेली, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब आणि त्यांचं लहान लेकरू होतं. पायलट लष्करातून आलेला, अनुभवी होता. तुम्हाला हे सगळं माहीत आहे आणि झोप त्यामुळेच उडालेली आहे, हे मला कळतं.

पण सोडा किंवा सोडू नका हे तुम्ही आणि मी ठरवण्याआधी एक गोष्ट कळायला हवी. ते वळले त्या दिवशी खाली उतरल्यावर कंपनी काय म्हणाली? पायलट किती चांगला यापेक्षा त्याला "नाही" म्हणायची मुभा किती, यावर माझा जास्त विश्वास आहे. म्हणून शांतपणे बसून विचारा. वळून आलेल्या फेऱ्यांचा हिशोब पगारात लागतो का? "बाकीचे जाताहेत, तुम्हीच का नाही?" असं कुणी म्हणतं का? दिवसाला किती फेरे होतात, मध्ये पाणी प्यायला तरी उतरता का? आणि इकडच्या दौऱ्यांबद्दलही विचारा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असते, पंख्याला तिच्यात पकड कमी मिळते आणि थंडीत जेवढं वजन उचलतं तेवढं यंत्र उचलत नाही. केदारनाथला हवा उंचीमुळे विरळ, आपल्याकडे उन्हामुळे. अशा दुपारी साहेबांचा माणूस येतो आणि म्हणतो, "अजून एक जण बसवा, जागा आहे की." सीट रिकामी असते, पण वजनाची जागा संपलेली असते. तेव्हा यांनी नाही म्हटलं तर कंपनी यांच्या मागे उभी राहते का?

उत्तरं चांगली आली तर काम सोडायला सांगू नका. घरच्यांच्या काळजीपोटी काम सोडून घरी बसलेला असा माणूस मी पाहिलेला आहे, तो आतून वाळत जातो. उत्तरं वाईट आली, वळण्याची किंमत द्यावी लागते असं कळलं, तर ती कंपनी सोडायला सांगा आणि ठामपणे सांगा. लष्करात डोंगरात उडालेल्या पायलटला दुसरीकडे काम मिळतं.

हे विचारायचं कसं? आधी मेसेज वाचल्याचं सांगून टाका. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवलंत तर तुमचा प्रत्येक प्रश्न त्यांना उलटतपासणी वाटेल. "मी वाचलं आणि घाबरले" एवढंच म्हणा. "का लपवलंत?" म्हणू नका. त्यांनी लपवलं ते तुम्हाला परकं समजून नव्हे. घरी बोलताना पायलट हवामानासारखं बोलतो, स्वच्छ किंवा ढगाळ, मधलं काही नाही. दिवसभर मधलंच पाहत असतो म्हणून. त्यांना वाटतं, बायकोला शांत ठेवणं हेही आपलं कर्तव्य. तुम्ही त्यांना सांगा की "सगळं मस्त" वाचून तुम्ही शांत होत नाही, आता तर मुळीच होणार नाही. त्यापेक्षा "आज दोनदा वळलो, दुपारनंतर बंद, जेवून झोपतोय" असा मेसेज आला तर तुम्हाला झोप लागेल. खऱ्या बातमीने झोप लागते, हे त्यांना पटायला वेळ लागेल, पण पटेल.

त्या बदल्यात तुम्हीही एक करा. दिवसा, उडण्याच्या वेळेत फोन करू नका. घरच्या भांडणाची, गॅस संपल्याची, मुलाच्या मार्कांची गोष्ट सकाळी निघताना कानावर घालू नका. उतरल्यावर रोज एक मेसेज त्यांनी करायचा, आणि तो अर्धा तास उशिरा आला तर गावातल्या चार जणांना फोन लावायचे नाहीत. डोंगरात रेंज नसते. आणि कधी अपघाताची बातमी आली, तर ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोंवर नजरही टाकू नका. कंपनीचा एक नंबर आत्ताच लिहून ठेवा, तिथेच विचारा. चौकशी पूर्ण व्हायच्या आत कुणाची चूक हे ठरवणारे मेसेज तुमच्या घरातून पुढे जाता कामा नयेत. त्या पायलटच्या बायकोच्या फोनवरही ते पोहोचत असतात.

तुमचं छावणीबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. तिथे संध्याकाळी जिन्यात बसून बायका बोलायच्या. कुणाच्या नवऱ्याने काय सांगितलं, कोण उशिरा आलं, कोण गप्प आहे. पायलटांच्या गप्पा सुटकेस घेऊन त्यांच्याबरोबर निवृत्त झाल्या आणि नव्या जागीही गेल्या. तुमच्या मात्र जिन्यातच राहिल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसतात, आणि नेमके त्याच सुमाराला तुमचे मिस्टर डोंगरात जातात. केदारनाथचं कपाट, म्हणजे मंदिराचं दार, बंद होतं भाऊबीजेला, म्हणजे दिवाळीही त्यांच्याशिवाय. हे एकटेपण "सवय होईल" म्हणण्यासारखं नाही. तेव्हा त्या ग्रुपमधल्या चार-पाच पायलटांच्या बायकांचे नंबर मिस्टरांकडून घ्या. त्यांतल्या दोघी तरी तुमच्या जुन्या शेजारणी निघतील. फोन करा, लिहीत बसू नका. तुम्ही जे मला लिहिलंत ते त्यांना एका वाक्यात कळेल, आणि मला लिहायला तुम्हाला सहा पानं लागली.

मुलाचं आता थोडक्यात. त्याने आजवर फक्त फोटो पाहिलेत. पुढच्या पावसाळ्यात शटल थंडावलं आणि वडील घरी आले की ते मित्राशी फोनवर बोलत असताना मुलाला शेजारी बसवा. वजन, तार, ढग, ओरडणारे प्रवासी, नाराज मॅनेजर, हे सगळं ऐकू द्या. त्यानंतरही तो हेलिकॉप्टर म्हणाला तर त्याचं म्हणणं खरं माना.

पण दोन एकर काढायची घाई नको. शिरपूरच्या आणि जळगावच्या धावपट्टीवर जी मुलं शिकताना दिसतात ती विमानाचं शिकतात. हेलिकॉप्टरचा परवाना वेगळा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मेडिकल, नियम, नेव्हिगेशन, हवामान आणि तांत्रिक विषयाचे पेपर, रेडिओचा परवाना, आणि हेलिकॉप्टरवर किमान दीडशे तास. त्या प्रत्येक तासाचा खर्च विमानाच्या तासापेक्षा बराच जास्त असतो. आणि दीडशे तासांचा परवाना खिशात घेऊन आलेल्या मुलाला डोंगरात कुणी उडवू देत नाही, देऊही नये. आपल्या देशात नागरी हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांत लष्करातून आलेले पुष्कळ आहेत, कारण तास आणि डोंगर दोन्ही त्यांच्याकडे असतात. तुमच्या मिस्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्यांनी वडिलांपुढे ते स्पष्ट बोलायला हवं.

मुलाचं वय एनडीएच्या परीक्षेला बसण्याचं आहे. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. लष्करात अधिकारी झाला आणि आर्मी एव्हिएशनमध्ये निवडला गेला तर त्याचं शिक्षण आपल्या नाशिकलाच होईल, शेताचा एक वाफाही न विकता. त्याआधी या सुट्टीत डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून त्याचं क्लास टू मेडिकल करून घ्या. डोळे, रंग ओळखणं, कान, हृदय, सगळं त्यात तपासलं जातं. रंगांधळेपणासारखं काही निघालं तर पुढचे सगळे बेत बदलतात, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. रिपोर्ट हातात येईपर्यंत सासऱ्यांना सांगा, त्या दोन एकरांत यंदाही कापूसच लावायचा.